हंगेरीच्या पाहुण्यांसमोर सरांचं मौन

आमचे इंग्रजीचे सर एका सकाळी गळ्यात पाटी अडकवून शाळेत आले, तेव्हा मुख्याध्यापिकाबाईंच्या हातातला चहा बशीत गेला आणि बशीतला साडीवर. पाटीवर सुरेख, वळणदार इंग्रजीत लिहिलं होतं की मी मौनव्रत धरलं आहे, तरी क्षमस्व. आणि त्याच दुपारी हंगेरीहून पाहुणे यायचे होते. तिकडच्या एका शाळेची मुलं आणि त्यांच्या बाई आठवडाभर आमच्याकडे राहणार होत्या. त्यांच्याशी बोलणार कोण, या प्रश्नाला अख्ख्या शाळेकडे एकच उत्तर होतं, आणि ते उत्तर खुर्चीत बसून डोळे मिटून शांतपणे सुपारी चघळत होतं.

"सर, अहो असं काय करता?" मुख्याध्यापिकाबाई रडकुंडीला आल्या. "आज? आजच?"

सरांनी डोळे उघडले. पाटी पुसली. लिहिलं, 'यस.'

मी त्या शाळेत विज्ञान शिकवतो. त्याआधी त्याच वर्गांत सरांच्या हाताखाली शिकलो. त्यामुळे सरांनी मला हबकवणं हे माझ्या आयुष्यात मिसरूड फुटण्याच्याही आधीपासून चालू आहे. पण त्या दिवशी मीसुद्धा खडू हातात धरून नुसता उभा राहिलो.

आमचं गाव चाळीसगावहून धुळ्याकडे जाताना लागतं. लागतं म्हणजे, एसटीच्या ड्रायव्हरला आठवण केली तर लागतं. या पट्ट्यात इंग्रजी म्हणजे सर. औषधाच्या खोक्यातला बारीक अक्षराचा कागद असो, कुणाच्या पोराला दुबईहून आलेला ईमेल असो, नाहीतर फवारणीच्या डब्यावरची सूचना असो, माणसं सरांच्या ओट्यावर येऊन बसायची. सर वाचून सांगायचे, आणि सांगून झालं की त्या कागदातल्या चुका लाल पेनानं दुरुस्त करून परत द्यायचे. औषध कंपनीच्यासुद्धा. एकदा स्टँडसमोर कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा भलाथोरला फलक लागला होता. त्यावरच्या इंग्रजी ओळीत 'द' राहिला होता. सर भर बाजाराच्या दिवशी शिडी लावून वर चढले आणि पुढाऱ्याच्या कानाजवळ रंगानं 'द' लिहून खाली उतरले. पुढाऱ्याची माणसं धावत आली. सर त्यांना म्हणाले, "साहेबांचा वाढदिवस आहे. कोणाचाही नाही. म्हणून 'द'." माणसं विचारात पडली आणि विचार करत करतच निघून गेली.

मी नववीत असताना आमच्या वर्गातल्या एकाची चिठ्ठी पकडली गेली. मुलीला लिहिलेली, तीही इंग्रजीतून, कारण मराठीतून लिहायची त्याला लाज वाटत होती. चिठ्ठी सरांच्या हातात गेली तेव्हा आम्ही सगळ्यांनी त्या पोराला मनातल्या मनात हार घालून टाकला. सरांनी चिठ्ठी वाचली. ती अख्खी फळ्यावर उतरवली, फक्त नावं गाळून. 'आय लव्ह यू फ्रॉम टू इयर्स.'

"आय लव्ह?" सर गरजले. "अरे गाढवा, प्रेम दोन वर्षांपूर्वी सुरू झालं. अजून संपलेलं नाही. चालू आहे. मग साधा वर्तमानकाळ घालतोस? तिनं काय समजायचं?"

त्या तासाला आम्ही पूर्ण वर्तमानकाळ शिकलो आणि तो जन्मात विसरलो नाही. तास संपल्यावर सरांनी चिठ्ठी त्याच्या हातात परत दिली आणि म्हणाले, "शुद्ध लिहून काढ. मग दे." आम्ही आ वासून बघत राहिलो. त्यानं दिली. ती दोघं आता नाशकात असतात.

आता या सगळ्यात एक गोष्ट कुणाच्या लक्षातच आली नव्हती. सर इंग्रजी लिहायचे, वाचायचे, तपासायचे, फळ्यावर वाक्याची हाडं न् हाडं सोडवून दाखवायचे. पण इंग्रजीत गप्पा मारताना त्यांना कोणी ऐकलं नव्हतं. गप्पा मारणार कोणाशी? आणि बोलणं हा इंग्रजीचा भाग आहे, असं तेव्हा आमच्याकडे कुणाला वाटतही नव्हतं. पेपरात तो प्रश्न यायचा नाही.

पाहुणे येण्याआधी दोन्ही शाळांची संगणकावरून भेट झाली. भिंतीवर पडदा, पडद्यावर हंगेरीची पोरं, पहिल्या रांगेत इस्त्रीचा कोट घातलेले सर, त्यांच्या शेजारी मी. तिकडच्या एका उंच पोरानं सरांना काहीतरी विचारलं. बोलणं असं, की मिक्सरमध्ये शेंगदाणे टाकावेत.

सर म्हणाले, "यस. सर्टनली."

पोरगं थांबलं. त्यानं पुन्हा विचारलं.

सर म्हणाले, "थँक यू."

आमच्या बाजूनं टाळ्या पडल्या. आमच्या संस्थेचे चेअरमन नाना तर उठून उभे राहिले. या नानांची पुतणी तिकडे शिकायला आहे, तिच्याच ओळखीनं हा सगळा घाट घातला गेला होता. तीही तिकडून हजर होती; तिला मी नंतर फोनवर विचारलं, तेव्हा कळलं की त्या पोराचा प्रश्न होता, 'तुमच्या खिडकीतून तुम्हाला काय दिसतं?'

पण मला ते कळायची गरज नव्हती. मी शेजारी बसलो होतो आणि सरांचा कान लालभडक झालेला मी पाहिला होता. घरी जाताना सर माझ्या गाडीवर मागे बसले होते. मग म्हणाले, "एक अक्षर कळलं नाही रे. मे महिन्यात रिटायर होतोय मी. लोक म्हणतील, या माणसानं आयुष्यभर पोरांना शिकवलं तरी काय?"

मी म्हटलं, "सर, त्यांचे उच्चार वेगळे असतात."

"असतील. पण बघणाऱ्याला कुठं कळतं? समोर गोरा माणूस उभा आणि सर नुसते 'सर्टनली, सर्टनली' करताहेत. एवढंच दिसणार."

हे त्यांचं माझ्याशी झालेलं, मौनाआधीचं शेवटचं बोलणं. त्यानंतर ती पाटी.

पाहुणे आले. आमच्याकडे त्यांची अशी तयारी झाली होती की बघणाऱ्यानं लग्न समजावं. त्यात गावातल्या म्हाताऱ्यांनी एक वेगळाच घोळ घातला. सरांनी शिकवलेला 'हंगरी' हा शब्द गावात सगळ्यांना पक्का माहीत. पाहुणे हंगेरीचे म्हटल्यावर पारावरचे आबा अहिराणीत म्हणाले, "म्हंजे भूक्या शेत ना बिचारा? मंग पहिले जेवाले वाढा त्यासले, भाषणं मांगून करा!" पाहुणे उपाशी आहेत ही बातमी घरोघर पोचली. ती पोरं ज्या घरी उतरली, तिथं त्यांना सकाळी शेवभाजी, दुपारी वरणबट्टी आणि मधल्या वेळेला मांडे. तिसऱ्या दिवशी एक मुलगी पोट धरून माझ्याकडे आली आणि खुणा करत म्हणाली, की तुमच्या देशात 'नको' कसं म्हणतात? मी सांगितलं. तिनं म्हणून पाहिलं. ती उतरली होती त्या घरच्या मावशींनी तिला आणखी एक बट्टी वाढली.

ते पडद्यावरचं उंच पोरगं, त्याचं नाव आंद्राश. गावानं त्याचा पहिल्याच दिवशी आनंदराव केला. तोही 'आनंदराव' म्हटलं की वळून बघायचा. सदा हातात मोबाइल, सदा हसरा. त्यांच्या बाईंचं नाव मार्ता. मार्ताबाई पन्नाशीच्या, तिकडे इंग्रजीच शिकवणाऱ्या. आता ही बाई सरांना गाठणार आणि सगळं उघडं पडणार.

तर झालं भलतंच. मार्ताबाई सरांसमोर आल्या, पाटी वाचली, छातीवर हात ठेवला आणि कमरेतून वाकल्या. मग सरांच्या हातातला खडू घेतला आणि स्वतःही पाटीवरच उत्तर लिहिलं. आठवडाभर हेच. सर लिहायचे, बाई पुसायच्या आणि लिहायच्या. हंगेरीच्या पोरांनी सरांचे इतके फोटो काढले की नानांना वाईट वाटलं. "पैसा माझा, धावपळ माझी," नाना मला म्हणाले, "आणि फोटो गप बसणाऱ्याचे?"

पण गोऱ्या लोकांना वाकताना गावानं पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकाशी बायका नारळ घेऊन उभ्या. सर मौनात गेलेत म्हणजे काहीतरी सिद्धी मिळणार, नाहीतर परदेशातून माणसं कशाला येतील पाया पडायला? एक म्हातारी पुढे झाली. लेकीला नोकरी लागत नव्हती, तिच्यासाठी आशीर्वाद मागू लागली. सर घाबरले. घाईघाईनं पाटीवर लिहिलं, 'आय ॲम नॉट अ सेंट.' मी साधू नाही. म्हातारीला इंग्रजी कुठलं यायला? तिनं पाटीवरून बोट फिरवलं, ती खडूची भुकटी कपाळाला लावली आणि उरलेली पदरात बांधून घेतली. सरांचं तोंड उघडं पडलं. पण व्रत. आवाज नाही.

मी संध्याकाळी सरांच्या घरी गेलो. त्यांच्या बायकोला सगळं गाव अक्का म्हणतं. म्हटलं, "अक्का, सरांना समजवा. हे फार वाढलं."

अक्का भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, "कसानं मौन अन् कसानं काय! घरमा तर यासनं तोंड बंदच नही ऱ्हास. दिनभरनं बठ्ठं रातले मन्हा डोकावर टाकतस."

आतून सरांचा आवाज आला, "अगं, कोण आलंय?"

मग एकदम शांतता. मग खडूचा आवाज.

पाहुणे जायच्या आदल्या दिवशी नानांच्या शेतात भरीत ठेवलं होतं. थंडी होती, शेतात कपाशीच्या काड्यांचा जाळ, त्यावर आमची ती हातभर लांब हिरवी-पांढरी वांगी. गावातली निम्मी माणसं आलेली. ती खडूवाली म्हातारीही आलेली. अक्का बडजीत, म्हणजे आमच्याकडच्या त्या लाकडी पात्रात, मिरच्या-लसूण ठेचत होत्या. सर जाळापाशी चटईवर बसून चिमट्यानं वांगी उलटत होते. पाटी गळ्यात.

आनंदरावाला सगळ्यांचा फोटो हवा होता. त्यानं आम्हाला ओळीनं उभं केलं. नाना मध्ये, मुख्याध्यापिकाबाई, मार्ताबाई, पोरं, बाया, म्हातारी. आम्ही फोटोत मावेना. तो एक पाऊल मागे गेला. तरी मावेना. हात हलवून जवळ या, जवळ या करत तो आणखी मागे गेला.

त्याच्या मागे विहीर होती. जुनी, कठडा नसलेली, काठापर्यंत गवत वाढलेली. शेत नानांचं, ती तिथं आहे हे आम्हाला जन्मापासून माहीत, आणि म्हणूनच कुणाच्या डोक्यात नव्हती. आम्ही सगळे मोबाइलकडे बघून दात काढत होतो.

"मांगे विहीर शे रे!"

हा आवाज सरांचा. आणि इथं जो घात झाला तो आमच्याकडेच होऊ शकतो. सर बोलले! सरांचं मौन सुटलं! आम्ही सगळेच्या सगळे गर्रकन वळून सरांकडे बघायला लागलो. पोराकडे कोणीच बघेना. म्हातारीनं तर हात जोडले आणि ओरडली, "महाराजना शब्द उना वं!"

सर उभे राहिले. आनंदरावाला अहिराणी कळत नाही हे त्यांच्या ध्यानात आलं असावं, कारण पुढच्या क्षणी, गोऱ्या माणसासमोर, साऱ्या गावासमोर, सरांनी इंग्रजीत तोंड उघडलं.

"वेल!" सर ओरडले. "वेल! वेल!"

आनंदरावाचा चेहरा खुलला. सर आपल्याशी बोलले! तेही शाबासकी! त्यानं अंगठा वर केला. "वेल!" तो ओरडला, "व्हेरी वेल!" आणि आनंदानं आणखी एक पाऊल मागे टाकलं. त्याच्या टाचेखालचा एक दगड सुटला. खाली पाण्यात पडल्याचा आवाज आम्ही ऐकला.

सरांनी जाळातलं वांगं उचललं. चिमट्यानं नाही, हातानं. आणि फेकलं.

ते धगधगतं वांगं आनंदरावाच्या छातीवर फुटलं. तो किंचाळला, पुढे झुकला, दोन्ही हातांनी शर्ट धरून गुडघ्यांवर कोसळला. पुढच्या दिशेनं. विहिरीकडे पाठ करून, गवतात.

मुख्याध्यापिकाबाईंच्या तोंडून नुसतं "अगंबाई" निघालं. नाना कसंबसं म्हणाले, "सर, पाहुण्याला वांगं मारलं?" मग ते त्या दगडाच्या आवाजाच्या दिशेनं चालत गेले, गवत पायानं बाजूला केलं, खाली पाहिलं आणि आम्हाला मागेच थांबा म्हणून हात केला.

पोराला फार भाजलं नव्हतं. शर्ट जाड होता. अक्कांनी त्याच्या गळ्यापासून पोटापर्यंत थंड पाणी ओतलं. त्याचा हंगेरीचा रंग परत यायला वेळ लागला. तो बाईंना त्यांच्या भाषेत पुन्हा पुन्हा काही सांगत होता आणि त्यात मला एकच शब्द ओळखू येत होता. वेल. बाईंनी विहिरीकडे बोट दाखवून मला खुणेनं विचारलं, याला काय म्हणतात? मी म्हटलं, "वेल." बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. आधी गोरा होताच, त्यात हे.

सर पुन्हा चटईवर जाऊन बसले होते. भाजलेला तळवा पाण्याच्या घमेल्यात. मी जवळ गेलो.

"संपलं," ते मला म्हणाले. "कळलं सगळ्यांना. मी विहीर म्हणालो आणि पोरगं शाब्बास समजलं. इतक्या वर्षांचं इंग्रजी, अरे, वांग्याइतकंही कामाला आलं नाही."

तेवढ्यात मार्ताबाई आल्या. सरांसमोर उभ्या राहिल्या. पाटीकडे त्यांनी पाहिलं नाही. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. आणि एकेक शब्द असा ठेवत गेल्या, जसा आमच्या वर्गातला शेवटच्या बाकावरचा पोरगा उभा करून विचारल्यावर ठेवतो.

"सर. आय... आय डिड नॉट सॉ. द वेल. आय डिड नॉट सॉ." त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "आय टीच हिम, वेल इज गुड. ओन्ली गुड. दिस वेल, आय नॉट टीच."

मी थक्क होऊन बघत राहिलो. आठवडाभर ही बाई पाटीवर लिहीत होती, ते सरांच्या व्रताचा मान म्हणून नव्हे. लिहिताना सावरता यायचं, पण तिलाही तोंड उघडायची भीती वाटत होती. आमच्याशी बोलायला पोरांना पुढे करायची, ती त्याचसाठी.

मग मी सरांकडे पाहिलं. सरांना सगळं कळलं होतं. शब्दन् शब्द. समोरच्या परदेशी माणसाचं इंग्रजी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा कळलं होतं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू एक भाव यायला लागला. तो भाव मी सातवीपासून ओळखतो. मी मनातल्या मनात ओरडलो, सर, नको. आत्ता नको. बाई रडतेय.

"सी," सर म्हणाले.

बाईंना वाटलं, बघ म्हणताहेत. त्यांनी वळून विहिरीकडे पाहिलं.

"नो, नो. डिड नॉट सी. नॉट सॉ. आफ्टर डिड, फर्स्ट फॉर्म."

नानांनी कपाळावर हात मारला. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "सर! अहो, पोर मरता मरता वाचलंय!" हंगेरीची पोरं पापणी न हलवता आपल्या बाईंकडे बघत होती.

मार्ताबाईंनी बाहीनं डोळे पुसले.

"डिड नॉट सी," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, अगदी हळू, "अँड... शुड हॅव? आय शुड हॅव... सी? सॉ?"

"सीन," सर म्हणाले. "आय शुड हॅव सीन." आणि मग त्यांचा आवाज बदलला. वर्गात तो आवाज आम्ही कधी ऐकला नव्हता. "बट यू वेअर लुकिंग ॲट मी, मॅडम. एव्हरीबडी वॉज लुकिंग ॲट मी."

बाईंनी ते ऐकलं. त्यांना ते कळलं. त्यांच्या चेहऱ्यावरून आम्हा सगळ्यांना कळलं की त्यांना कळलं.

सरांनी गळ्यातली पाटी काढून बाजूला ठेवली, चटईवर सरकून बसले आणि बाईंना जागा करून दिली. बाई बसल्या. त्यांनी काहीतरी विचारलं, सरांनी उत्तर दिलं, बाईंनी पुन्हा म्हणून पाहिलं, सरांनी मान डोलावली. मग सरांनी विचारलं, बाईंनी उत्तर दिलं. भरीत झालं, वाढलं गेलं, दोघांच्या पत्रावळी पुढ्यात आल्या आणि तशाच राहिल्या.

अक्कांनी दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा मारलीच नाही. माझ्या पानात भरताचा गोळा टाकत म्हणाल्या, "आते यासले कोण चूप करी रे भो?"